सावलीच्या बाजूने

सकाळचे आठ वाजलेत. जयपूरच्या बडी चौपडीवर फुलवाल्यांनी झेंडू आणि देशी गुलाबाचे ढीग मांडलेत. दुकानांची शटरं अजून खाली आहेत. कबुतरांसाठी दाणे विकणारी बाई ओढणी कपाळापर्यंत ओढून मापाने ज्वारी भरते आहे. रस्त्याच्या मधोमध एक वळू उभा आहे. ई-रिक्षा त्याला वळसा घालून जातात. कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

चौकातून उत्तरेला वळलं की डाव्या हाताला हवामहल. त्याचं तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन थेट त्याच्या अंगावर येतं आणि समोरचा फूटपाथ सावलीत राहतो. फोटो काढणारे सगळे त्याच फूटपाथवर दाटीवाटीने उभे आहेत. वरच्या गच्च्यांवर कॅफे आहेत; तिथे चहाच्या बिलात समोरच्या देखाव्याचे पैसे धरलेले असतात. "अगं, जरा डावीकडे सरक, खांब येतोय मध्ये," असं गर्दीतून ऐकू येतं आणि आईची मान गर्रकन वळते. दिवाळीची सुट्टी लागली की अर्धा महाराष्ट्र राजस्थानात भेटतो. दिवाळी उलटून गेलीय, पण बाजारावर ताणलेल्या दिव्यांच्या माळा अजून कुणी उतरवलेल्या नाहीत.

आम्ही सहाजण आहोत. ताई, भाऊजी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. थोरलीला हवामहल चित्रांतून ओळखीचा आहे. ती ओळख पटवून घेत बघते आहे. धाकट्याला महालात रस नाही. त्याला वळूजवळ परत जायचंय.

आत जायचा रस्ता मागून आहे. समोर दिसतो तो दर्शनी भाग, त्याला दार नाही. आम्ही गल्लीतून वळसा घेतो. भिंतीला टेकत टेकत चालल्याने धाकट्याच्या पांढऱ्या टी-शर्टावर खांद्यापासून कोपरापर्यंत गुलाबी पट्टा उमटतो. ताई तो झटकते. तो पसरतो. शहराला हा रंग 1876 साली लागला, ब्रिटनचे युवराज यायचे होते तेव्हा. जवळून पाहिला तर तो गुलाबी कमी आणि भाजलेल्या मातीचा जास्त वाटतो. टी-शर्टावर मात्र चांगला गुलाबीच दिसतो.

तिकिटाच्या खिडकीपुढे रांग आहे. रांगेचं डोकं सावलीत, शेपूट उन्हात. भाऊजी रांगेत उभे राहतात आणि खिशातून मोबाइल काढतात. पुण्यात जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी या दिवसाचा तक्ता केलाय. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येक रकान्याला एक रंग. हवामहल, जंतरमंतर, सिटी पॅलेस, गोविंददेवजी, अल्बर्ट हॉल, मग नाहरगडावरून सूर्यास्त. मधे 'जेवण' असा एक अरुंद पिवळा पट्टा. पाण्याला, शू-ला, बुटाची नाडी बांधायला, वळूला रकाना नाही.

"दोन दिवस चालणारं एकत्रित तिकीट मिळतं," पुढचा माणूस मागे वळून सांगतो. भाऊजी मान डोलावतात. ते त्यांच्या तक्त्यात आहे. एका तिकिटात हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, आमेर, नाहरगड. सिटी पॅलेसचं वेगळं, कारण तो अजून राजघराण्याकडे आहे. रांग दोन पावलं सरकते. थोरली मागे बघते. आमची सावली आमच्या मागे लांब पडलीय. ती पुढच्या काकूंच्या सावलीवर पाय देऊन उभी राहते आणि रांग सरकली की पुन्हा पाय देते. धाकट्याला खेळ कळतो. आता दोघंही रांगेत आनंदात आहेत.

आत शिरल्यावर पहिल्या चौकात ऊन आहे, दुसऱ्यात कारंजं आहे. आई दगडी कट्ट्यावर हात ठेवते. गार आहे. ती बसते. "तुम्ही जाऊन या वर. माझे गुडघे इथूनच बघतील."

पण वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्या नाहीत, चढण आहे. मेणे वर नेता यावेत म्हणून, असं सांगतात. आई उठते. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला. चढण अरुंद आहे. वरून येणारे आणि खालून जाणारे एकमेकांकडे बघून अंग चोरतात. वळणावर अंधार आणि लगेच पुढे रंगीत काचांतून आलेला लाल, हिरवा, पिवळा उजेड फरशीवर पडलेला. धाकटा त्यात तळवा धरतो. तळवा हिरवा होतो.

हवामहल 1799 सालचा. सवाई प्रतापसिंहाने बांधवला, आखणी लालचंद उस्तादांची. मजले पाच, आणि वरचे तीन जेमतेम एका खोलीच्या रुंदीचे. खिडक्या 953. त्या पाहताना मोठ्या माणसांना वाकावं लागतं. जाळीतल्या छोट्या झडपा बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला आहेत; रस्त्यावरची मिरवणूक बघायची ती बसून, आणि आपण दिसायचं नाही. ही उंची सहा वर्षांच्या मुलाला अगदी बरोबर येते. भाऊजी कंबरेत वाकून फोटो काढतात. ताई गुडघ्यावर बसते. धाकटा नुसता उभा राहतो आणि त्याला सगळं दिसतं.

"तो बघ! तिथेच आहे!"

वळू खाली चौकात तिथेच उभा आहे. झडपेतून वाऱ्याची झुळूक येते आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे जातात. बाहेर ऊन तापायला लागलंय. जाळीतून येणारी हवा मात्र गार आहे. अरुंद फटीतून ती जोराने आत शिरते. आई खिडकीशी मांडी घालून बसते, डोळे मिटते. पिशवीतून चकली काढून धाकट्याच्या हातात देते. पहारेकरी बघतो आणि दुसरीकडे बघतो.

तक्त्यातल्या पुढच्या रकान्याची वेळ उलटून गेलेली असते. कुणी उठत नाही.

जंतरमंतरला पोचायला अकरा वाजतात. चालत पाच-सात मिनिटांचं अंतर, पण मधे उसाचा रस आहे, पाण्याच्या बाटल्या आहेत, धाकट्याची शू आहे. शहराच्या या भागात मुलांना घेऊन फिरताना एक गोष्ट लवकर कळते: स्वच्छ शौचालय तिकिटाच्या आत असतं. आई-बाप म्हणून फाटक ओलांडायच्या आधी विचारायचं, बाहेर पडायच्या आधी पुन्हा विचारायचं. "आत्ता नाही आली," असं उत्तर मिळतं. ताई तरी नेते.

फाटकातून आत आलं की सावली संपते. इथे झाड आहे ते कडेला. मधल्या पटांगणात दगड, चुना, संगमरवर आणि ऊन. डोळे आपोआप बारीक होतात. आई छत्री उघडते. थोरली टोपी उलटी घालते, मान भाजायला लागल्यावर सुलटी करते. मोबाइल 31 अंश दाखवतो. सावलीत तो आकडा पटतो, इथे पटत नाही. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा या पटांगणात मुलांना घेऊन कोण उभं राहत असेल, असं मनात येतं.

सकाळपासून आम्ही ऊन चुकवत आलोय. या एका जागी तिकीट काढलंय तेच उन्हासाठी. आभाळ भरून आलं तर इथली बरीच यंत्रं मुकी.

सम्राट यंत्र समोर दिसतं. 27 मीटर उंच, त्रिकोणी, तिरकी भिंत, तिच्या माथ्यावर छत्री. दोन बाजूंना वळलेले संगमरवरी पंख. धाकटा एकच प्रश्न विचारतो. "ही घसरगुंडी बंद का आहे?"

सोबत घेतलेला गाइड हसत नाही. हा प्रश्न त्याला रोज येत असावा. "घसरगुंडीच आहे, बेटा. इस पे सूरज घसरता है." मग तो थोरलीकडे वळतो. भिंतीचा उतार 27 अंशांचा आहे. का? ती भाऊजींकडे बघते. भाऊजी तक्त्याकडे बघतात. कारण जयपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास तेवढ्याच अक्षांशावर आहे. म्हणून ही धार बरोबर ध्रुवताऱ्याच्या रोखाने जाते. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पंखावर पडते आणि हळूहळू खाली उतरते. दुपारनंतर पूर्वेच्या पंखावर चढते. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी सावली चालताना दिसते, अशी जागा जगात फारशी नसेल.

मुलं जवळून बघतात ते लघु सम्राट यंत्र. मोठ्याचंच छोटं रूप, हाताच्या अंतरावर. संगमरवरावर कोरलेल्या बारीक रेघा, दोन रेघांत वीस सेकंदांचं अंतर. रेघांत काळा रंग भरलाय, काही ठिकाणी तो उडालाय. सावलीची कड लांबून धारदार वाटते. जवळ गेलं की ती पुसट होते, करडी, नक्की कुठे संपते ते कळत नाही. गाइड खिशातून एक बारीक काडी काढतो आणि दगडापासून थोडी वर, कडेला समांतर धरतो. करड्यामध्ये काडीची रेघ उमटते. थोरली नाक दगडाला टेकवून बघते. वाचते. मग आपल्या घड्याळात बघते.

"अकरा मिनिटं मागे आहे हे."

"मागे नाही," गाइड शेजारच्या पाटीवर बोट ठेवतो. तिथे तारखेप्रमाणे किती मिनिटं मिळवायची ते लिहिलंय. हातातलं घड्याळ साऱ्या देशाचं आहे, 82.5 अंश पूर्व रेखांशाचं. जयपूर त्याच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य इथे 27 मिनिटं उशिरा येतो. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य स्वतःच 16 मिनिटं पुढे पळत असतो. उरली अकरा.

"मग पुण्यात?" ती विचारते. भाऊजी हिशेब करतात. पुणे-मुंबईचा फरक जयपूरपेक्षा मोठा. मुंबईची जुनी वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे असायची. "आमच्या आजोबांच्या तोंडी होता तो बॉम्बे टाइम," आई छत्रीतून म्हणते. तिला आता या जागेत रस वाटायला लागलाय. मी तिला सांगते की ही वेधशाळा उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे मराठी पंडित होते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. 'रेखागणित' हे त्या ग्रंथाचं नाव. आई एकदम छत्री सावरते. "बघ. आणि तू गणितात कुरकुरतेस," ती थोरलीला म्हणते. जगन्नाथ पंडितांचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

राशिवलयाशी गर्दी आहे. बारा राशींची बारा यंत्रं, प्रत्येकाचा रोख वेगळा. इथे फोटोसाठी रांग लागते, आणि ही रांग हवामहलपेक्षा हळू चालते, कारण प्रत्येक कुटुंबात एकाला आपली रास माहीत नसते. मग गावाकडे फोन लागतो. आमच्याकडे आई आहे. ती सहाही जणांच्या राशी, नक्षत्रं आणि कोण कितव्या मिनिटाला जन्मलं ते सांगते. धाकटा मीन. मीन राशीच्या यंत्राला टेकून तो उभा राहतो आणि लगेच ओरडत उडी मारतो. दगड तापलाय.

बाराला दहा कमी असताना निघायचं ठरतं. थोरली निघत नाही. तिला बारा वाजून अकरा मिनिटं बघायची आहेत.

आम्ही थांबतो. आई आणि धाकटा एका भिंतीच्या सावलीत बसतात. ती सावली वीतभर रुंद उरलीय. पाय उन्हात येतात. ताई पाण्याची बाटली फिरवते. पाणी कोमट झालंय, त्यात तिने लिंबू-साखर-मीठ आधीच घातलंय. लघु सम्राट यंत्राभोवती आता आमच्यासारखेच आणखी काही थांबलेत. दोन कॉलेजची मुलं. छातीशी बाळ बांधलेली एक परदेशी बाई. कुणी बोलत नाही. सावली पश्चिमेच्या पंखावर अगदी खाली, भिंतीच्या मुळाशी आलीय. बारा दहा. कडेची करडी पट्टी बारीक होते. बारा अकरा. पश्चिमेचा पंख पूर्ण उजळतो. थोरली धावत भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाते.

"आली इकडे!"

पूर्वेच्या पंखाच्या तळाला केसाएवढी काळी रेघ आहे. ती वर निघालीय.

सिटी पॅलेस रस्त्याच्या पलीकडेच. इथेही चौक आहेत, पण चौकांना कमानी आहेत आणि कमानींना सावली. मुलं एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळतात. उन्हाचा पट्टा ओलांडताना जमिनीला पाय लावायचा नाही, असा नवा नियम झालाय. सर्वतोभद्र नावाचा मंडप चारी बाजूंनी उघडा आहे आणि तिथे वारा खेळतो. मधे दोन चांदीचे रांजण. प्रत्येकी 345 किलो. प्रत्येकात 4,000 लिटर पाणी मावतं. धाकटा त्यांच्या पोटालाही पुरत नाही. त्याचं तोंड चांदीत दिसतं, रुंद आणि चपटं. तो जीभ काढतो. चांदीतलाही काढतो.

"यात काय ठेवायचे?"

"गंगेचं पाणी." 1902 साली सवाई माधोसिंह दुसरे राज्याभिषेकाच्या सोहळ्याला विलायतेला निघाले. परक्या मुलखातलं पाणी प्यायचं नाही, म्हणून गंगाजल बोटीत बरोबर घेतलं. धाकटा आपल्या हातातल्या बाटलीकडे बघतो. ताई सकाळपासून तीच बाटली त्याला सांभाळायला सांगते आहे. "राजाची आईपण ओरडायची?" तो विचारतो. शेजारी उभा असलेला लाल पगडीचा पहारेकरी मराठी समजल्यासारखा मिशीत हसतो.

प्रीतमनिवास चौकात चार दारं आहेत, चार ऋतूंची. मोराच्या दारापुढे सर्वांत जास्त गर्दी. निळ्या-हिरव्या पिसांचे पाच मोर भिंतीतून बाहेर झुकलेत. मोर शरद ऋतूचा. म्हणजे आत्ताचाच, असं थोरली म्हणते. मुलांची आता हवा गेलीय. धाकटा भिंतीला टेकून खाली घसरतो आणि तिथेच बसतो. पाय पुढे पसरून. तो रडत नाही, बोलत नाही. ज्यांनी मुलं सांभाळलीत त्यांना ही शांतता ओळखता येते. तिच्यानंतर दहा मिनिटं मिळतात.

तक्त्यात आता गोविंददेवजी आहे. भाऊजी मोबाइल खिशात ठेवतात.

बडी चौपडीला मेट्रोचं स्टेशन आहे, जमिनीखाली. जुन्या शहराच्या पोटात मेट्रो 2020 मध्ये आली. सरकत्या जिन्यावरून खाली उतरलं की गार हवेचा पहिला झोत पायांना लागतो, मग गुडघ्यांना, मग तोंडाला. धाकट्याचे डोळे उघडतात. सकाळपासून पाहिलेल्या सगळ्यांत त्याला हे जास्त आवडलेलं दिसतं. छोटी चौपड. चांदपोल. मग गाडी अंधारातून वर येते, डब्यात ऊन शिरतं आणि सगळे एकदम डोळ्यांवर हात घेतात. वर नकाशा आहे. जुनं शहर त्यावर चौकोनांचं दिसतं. 1727 साली वसवलं तेव्हाच ते असं आखलं. आखणीत विद्याधर भट्टाचार्य होते. पूर्वेचं दार सूरजपोल, पश्चिमेचं चांदपोल, आणि मधून एक सरळ रस्ता.

दुपारी दोन ते चार जयपूर मुलांसाठी नसतं. सिंधी कॅम्पजवळच्या हॉटेलच्या खोलीत पडदे ओढलेले आहेत. डाळ-बाटी आईने आणि मी खाल्ली; मुलांनी दहीभात मागवला आणि मिळाला. पंखा पाचवर. धाकटा तोंड उघडं टाकून झोपलाय. थोरली झोपणार नव्हती. वहीवर डोकं ठेवून झोपलीय. वहीत तिने लघु सम्राट यंत्र काढलंय, सावलीसकट. बाहेर खिडकीच्या दांडीवर कबुतर सावलीत बसलंय आणि चोच उघडी ठेवून श्वास घेतंय. भाऊजी मात्र जागे आहेत. ते एकेक रकाना पुसताहेत.

चार वाजता बाहेर पडतो. आता बाजार जागा आहे. त्रिपोलिया बाजारात दुकानांपुढे सलग वरांडा आहे, दगडी खांबांवर. या टोकाने शिरलं की ऊन न लागता चालत राहायचं. समोरचा मुख्य रस्ता 33 मीटर रुंद. त्यावर उंट, मोटारी, स्कुटर, हातगाड्या, सगळं एकाच वेळी चाललंय. वरांड्यात मात्र माणूस माणसाच्या वेगाने चालतो. भांड्यांची दुकानं, दोऱ्यांची दुकानं, पतंगांची दुकानं. आई प्रत्येक पितळी डब्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकते.

मनिहारांच्या, म्हणजे बांगड्यावाल्यांच्या, रस्त्यावर वळतो. इथे ऊन पोचत नाही, पण ऊब आहे. ती कोळशाच्या शेगड्यांची. दुकानाच्या तोंडाशी एक माणूस बसलाय, पुढ्यात तापलेला लोखंडी पत्रा. हातात लाकडी दांडा, दांड्याच्या टोकाला काळी लाख. तो ती निखाऱ्यावर फिरवतो. लाख चमकायला लागते, मऊ पडते. मग लाल लाखेची कांडी तिच्यावर फिरवतो, रंग वर बसतो. लाकडी ठोकळ्याने पत्र्यावर लोळवत लोळवत तो तिची लांब सळी करतो. जळक्या डिंकासारखा वास येतो. सळी तुटते, वाकते, दोन टोकं निखाऱ्यावर क्षणभर धरली की एकमेकांत मिसळतात. सांधा कुठे होता ते शोधून सापडत नाही. बांगडी अजून गरम आहे. ती तो निमुळत्या लाकडी ठोकळ्यावर सरकवतो आणि अमुक खुणेला थांबवतो.

"हाथ दिखाओ, बिटिया."

थोरली हात पुढे करते. तो नुसता बघतो. मोजत नाही. आणखी दोन खुणा वर सरकवतो, अंगठ्याने दाबतो. मग चिमट्याने बारीक आरसे एकेक करून बसवतो. अठरा आरसे. ती तोंडाने मोजते. बांगडी पाण्यात बुडते, पुसली जाते आणि तिच्या मनगटात जाते. घट्ट नाही, सैल नाही. "चार-चार भरून घे दोन्ही हातांत," आई म्हणते, "लाखेच्या दुकानातून रिकाम्या मनगटाने जाऊ नये." धाकटा म्हणतो, मलाही हवी. दुकानदार क्षणभरही थांबत नाही. निळ्या लाखेचं कडं करतो, आरसे न लावता. "राजा लोग पहनते थे." धाकटा आता हात पुढे काढून चालतो, कडं सगळ्यांना दिसेल असा.

साडेपाचला उन्हाचा शेवटचा पट्टा हवामहलच्या रस्त्याच्या पूर्वेकडच्या भिंतींवर, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलाय. सकाळी हेच ऊन समोरच्या बाजूला होतं. रस्ता तोच, चालायची बाजू बदलली. लस्सीवाल्याकडे मातीच्या कुल्हडात लस्सी येते, वर सायीचा जाड थर. चमच्याने खायची. धाकट्याला पांढऱ्या मिशा येतात.

रात्री जेवताना पुढच्या दिवसाचं ठरवायचं आहे. भाऊजी मोबाइल मध्यभागी ठेवतात. तक्त्यात दोनच रकाने उरलेत.

"आमेर सकाळी," थोरली म्हणते. "त्या किल्ल्याचं दार पूर्वेला आहे. उशीर केला तर चढावर ऊन लागेल."

"तुला कसं कळलं दार पूर्वेला आहे?"

"सूरजपोल नाव आहे त्या दाराचं."

भाऊजी वेळेच्या रकान्यात साडेआठ लिहितात. मग ते खोडून 'ऊन चढायच्या आत' असं लिहितात.

"आणि दुपारी अल्बर्ट हॉल," ताई म्हणते. "छताखाली आहे. पंखे असतील."

"तिथे ममी आहे. इजिप्तची," थोरली धाकट्याला सांगते. तिच्या मते दोन हजार वर्षांहून जुनी. धाकटा चमचा खाली ठेवतो.

"खरीखुरी?"

"खरीखुरी."

तो आजीकडे बघतो. आजी तूप वाढते आहे. "जाऊ की," ती म्हणते. "पण आधी पोटभर जेवायचं, मग शू करून यायचं. मग ममी."

भाऊजी तेही तक्त्यात लिहून घेतात.